वतलाय का ठोकलाय?

(पडदा काळा. फक्त आवाज : कुर्र... कुर्र... टिंग... कुर्र...)

हा आवाज पन्हाळ्याच्या पायथ्याचा. लाल माती, नांगरट झालेलं रान आणि कानाला हेडफोन लावून पाऊल पाऊल पुढं सरकणारा आमचा आतेभाऊ. उसाचा खोडवा मोडला, ट्रॅक्टर फिरला, की पाऊस पडेपर्यंत रान मोकळं असतं. तेवढ्या सवडीसाठी त्यानं हे मेटल डिटेक्टरचं मशीन ऑनलाइन मागवलं. घरात सगळ्यांना वाटलं, गड्याला आता गुप्तधन सापडतंय.

पहिल्या दिवशी सापडलं ते असं. फाळाचा तुकडा. बैलाच्या खुराची पत्री. बाटल्यांची चौदा झाकणं. आणि आत्याचं एक जोडवं. वीसेक वर्षांपूर्वी ते हरवलं, तेव्हा भांगलायला येणाऱ्या एका बाईवर संशय घेतला होता. आत्यानं जोडवं हातात घेतलं, पदरानं पुसलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथं दहा मशीनं फिरतील.

(दृश्य : पन्हाळ्याचा कडा, खाली शेतं. कॅमेरा जांभ्याच्या दगडावर येऊन थांबतो.)

पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा आहे. जांभ्याचा लाल रंग लोहाचा, आणि मशीनला लोह कळतं. म्हणजे इथं जमीनच मशीनशी बोलते. गवताखाली काही नसलं तरी कुर्र वाजतं. जमिनीचा आवाज वजा करून ऐकायची सोय मशीनमध्ये असते, पण ती जमवायला आमच्या गड्याला आठवडा लागला. शिवाय मशीनला जे ऐकूच येत नाही तेही ध्यानात ठेवायला हवं. दगडी तोफगोळा त्याला कळत नाही. बंदुकीच्या चापाला लावायची चकमकीची गार कळत नाही. लढाईचा अर्धा पसारा मशीनच्या दृष्टीनं नाहीच.

तिसऱ्या दिवशी मात्र आवाज घट्ट आला. वीतभर खाली, हातभर रुंद खड्ड्यात, गंजाच्या सालीत गुंडाळलेला गोळा.

आता आम्ही काय केलं ते सांगतो, कारण ते चुकीचं होतं. गोळा उपसला, खताच्या पिशवीत घातला, मोटारसायकलच्या टाकीवर ठेवला आणि थेट कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. खड्डा कुठला, किती खोल, आजूबाजूला काय होतं, काही लिहिलं नाही. आणि गोळा भरीव आहे की पोकळ, हा प्रश्न तर दोघांच्याही डोक्यात आला नाही.

(दृश्य : उद्यमनगरातली गल्ली. ग्राइंडरच्या ठिणग्या.)

उद्यमनगरच का? कारण कोल्हापुरात लोखंड वाचणारी माणसं आहेत. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, ओतकाम हे या शहराचं रोजचं काम. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, चाळीस वर्षं मोल्डिंगमध्ये काढलेले, आता पोराच्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून असतात. त्यांना इतिहास विचारला तर ते हात जोडतात. गोळा पुढं ठेवल्यावर आम्ही विचारलं, "शिवकालीन असंल का हो?"

मिस्त्री म्हणाले, "ते मला काय म्हाईत? आदी बघू, वतलाय का ठोकलाय."

आणि सवयीनं त्यांचा हात ग्राइंडरकडं गेला. ठिणगी कशी पडते त्यावरून बीड की पोलाद हे त्यांना कळतं. आतेभावानं ओरडून हात धरला. गोळ्याचा पृष्ठभाग घासून टाकला, की त्याची सगळी कागदपत्रंच फाडल्यासारखं होतं. पुढं कळलं, की ग्राइंडर लावण्यात त्याहून मोठा धोका होता. त्याकडं येतोच.

मिस्त्रींनी मग चष्मा लावला. सुटी असलेली माती दाढीच्या जुन्या ब्रशनं झटकली आणि गोळा दारातल्या उन्हात फिरवत राहिले. पाच मिनिटांनी अंगठ्याचं नख एका जागी थांबलं. गोळ्याच्या कमरेवरून एक बारीक उंचवटा गेला होता, रेष म्हणावी की नाही इतका बारीक. "ही बघा साच्याची सांध. दोन पाट्या जिथं मिळत्यात तिथं रस थोडा बाहेर येतो." आणखी थोडं फिरवल्यावर रुपयाएवढी सपाट जागा. "आणि हितनं रस आत सोडलाय. नंतर छिन्नीनं तोडलाय. वतीव हाय. काम बरं हाय."

हे एवढं कळल्यानं काय साधलं? पुष्कळ. आपल्याकडं लोखंड भट्टीत वितळवून त्याचा पातळ रस करायची रीत जुन्या काळी नव्हती. दगड भाजून निघालेला लोखंडाचा मऊ गोळा घणानं ठोकून घडवायचा, ही इथली रीत. तोफासुद्धा लोखंडी पट्ट्या आणि कडी तापवून जोडलेल्या, नाहीतर मग पितळी किंवा पंचरशी ओतलेल्या. लोखंडी गोळेही बहुतेक ठोकूनच केलेले. बिडाचे ओतीव गोळे युरोपात निघत आणि तिथून जहाजानं येत. तेव्हा गोळा ओतीव असेल तर तो परक्या कारखान्यातला असायचा संभव जास्त. पण परक्या कारखान्यातला म्हणजे परक्या तोफेतून सुटलेला, असं मात्र नाही. दारूगोळा विकत मिळत होता, लुटीत मिळत होता, आणि शत्रूनं टाकलेला गोळा आपल्या तोफेत बसला तर तोच परत पाठवायला कुणी मुहूर्त बघत नव्हतं.

मग दोरा घेतला. गोळ्याभोवती गुंडाळला, पट्टीवर मोजला : २८ सेंटिमीटर. म्हणजे व्यास साधारण ८९ मिलिमीटर. शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर वजन : २ किलो ६०० ग्रॅम. एवढ्या आकाराचा भरीव बिडाचा गोळा हिशेबानं २ किलो ६५० च्या आसपास भरतो. गंजात थोडं गेलं असं धरलं तर जमतं. आणि सहा पौंड म्हणजे २ किलो ७२० ग्रॅम. इंग्रजी फौजेतली मैदानी तोफ तिच्या गोळ्याच्या वजनावरून ओळखली जाई, त्यातली ही सहा पौंडी.

याच हिशेबानं तो भरीव आहे हेही आम्हाला कळलं, पण मोटारसायकलवरून अठरा-वीस किलोमीटर आणल्यानंतर! त्याच आकाराचा गोळा पावणेदोन किलो भरला असता, किंवा त्याला बोटभर भोक आणि त्यात लाकडाचं वा धातूचं बूच दिसलं असतं, तर तो पोकळ गोळा. आत दारू भरून, वात लावून उखळी तोफेतून उडवायचा. न फुटता मातीत रुतलेल्या गोळ्यातली दारू शंभर-दीडशे वर्षांनी निकामी होतेच, असा भरवसा कुणी देऊ नये. ती ठिणगीची वाट बघत असते, आणि आमचे मिस्त्री तर ग्राइंडर लावायला निघाले होते.

असलं काही दिसलं तर उचलायचं नाही, ठोकायचं नाही, पाणी ओतायचं नाही. लांब व्हायचं आणि ११२ ला फोन करायचा. पोलिसांचं बॉम्बशोधक पथक याच कामासाठी असतं. लाजू नका. शेवटी ती गोळाफेकीची गुंडी निघाली तरी कुणी हसत नाही. तीही निघते. गिरणीची गुंडी निघते, जुन्या मापाची वजनं निघतात, मोठ्या बेअरिंगचे गोळे निघतात. बेअरिंगचा गोळा आरशासारखा गुळगुळीत असतो, त्याला ना सांध ना तोंड.

(दृश्य : तटबंदी, तीन दरवाजा, सज्जा कोठी. आवाज थोडा खाली.)

गोल आणि गंजकं दिसलं की आपल्याकडं 'शिवकालीन' हा शब्द तयारच असतो. पन्हाळ्याखालच्या रानात तर तो सगळ्यांत आधी तोंडात येणार. पण या एका रानावरून कोण कोण गेलंय ते बघा. गड बांधला शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं, बाराव्या शतकाच्या शेवटाला. अफजलखानाच्या वधानंतर अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ ला, महाराजांनी तो घेतला. पुढच्या वर्षी सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा. त्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन इंग्रजी दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला आला, आणि त्याचा हिशेब महाराजांनी १६६१ मध्ये राजापुरात चुकता केला. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद साठ माणसांनिशी रात्री कडा चढून वर गेला. १७०१ मध्ये खुद्द औरंगजेबाची छावणी इथं पडली होती. इंग्लंडच्या राजाचा वकील विल्यम नॉरिस त्याला भेटायला आला तो याच छावणीत.

आणि १८४४. हे साल शाळेत घाईघाईनं उरकतात. गडकऱ्यांच्या, म्हणजे गड राखणाऱ्यांच्या, वतनी जमिनी मामलेदारांकडं गेल्या आणि सामानगडापासून बंड पेटलं. भुदरगड, पन्हाळा, विशाळगड, सगळीकडं दरवाजे बंद झाले. कंपनी सरकारनं फौज आणली, तोफांचे मोर्चे लावले, पन्हाळ्याच्या तटाला भगदाड पाडलं आणि १ डिसेंबर १८४४ ला गड घेतला. सहा पौंडी ओतीव गोळ्याला हे साल साजतं. पण साजतं म्हणजे तेच, असं लिहून मोकळं व्हायला मी धजत नाही. गोळा नेमका कुठून निघाला हे आम्ही लिहिलंच नव्हतं ना. मोर्च्याच्या जागेवर पडलेला गोळा सांडलेला असतो, तटाखाली पडलेला मारलेला असतो. खड्डा हरवला की हे दोन्ही सारखेच.

(दृश्य : तळहातावर शिशाच्या गोळ्या. शेजारी व्हर्निअर.)

बंदुकीच्या गोळ्यांच्या बाबतीत तर जागा हेच सगळं. शिशाची गोळी मातीत राहून पांढुरकी होते, खडूचा खडा वाटते. नखाला मऊ, हाताला आकाराच्या मानानं जड. आम्हाला अशा तीन मिळाल्या. तोवर अक्कल आली होती. प्रत्येकीची जागा फोनवर टिपली, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला. मग गुजरीत ओळखीच्या सोनाराकडं काटा मागितला. सोनार म्हणाला, "शिसं? सकाळच्या पारी?" पण तोलून दिलं.

दोन गोळ्या साडेसतरा मिलिमीटरच्या, ३२ ग्रॅमच्या जवळपास. तिसरी १४ मिलिमीटर, १६ ग्रॅम. (तीच लोखंडाची असती तर ११ ग्रॅम भरली असती. वजन खोटं बोलत नाही.) कंपनीच्या पलटणीची बंदूक, तिला 'ब्राउन बेस' म्हणत, तिची नळी १९ मिलिमीटरची. गोळी मुद्दाम सैल ठेवत, म्हणजे दारूच्या काजळीनं नळी चोंदली तरी ती ठासताना अडू नये. हजारो शिपायांना एकच माप. उलट तोड्याची, म्हणजे जळत्या वातीनं उडवायची, बंदूक ज्याची त्याची, साचाही ज्याचा त्याचा. म्हणून एका जागी एकाच मापाच्या गोळ्या निघाल्या तर कवायती फौज उभी होती असं म्हणावं, आणि नाना मापांच्या निघाल्या तर शिलेदार, गडकरी, शेतकरी, ज्याच्या हाताला जे आलं ते.

आमच्या साडेसतरा मिलिमीटरच्या दोन्ही गोळ्या गोल गरगरीत होत्या, साच्यातून काढल्यावर राहिलेल्या देठाच्या खुणेसकट. त्या उडालेल्याच नाहीत. कुणाच्या तरी थंड बोटांतून निसटून पडल्या. डिसेंबरात पन्हाळ्याला थंडी असते. १४ वाली मात्र एका बाजूनं भाकरीसारखी चपटी.

शिशाला हात लावल्यावर हात धुवा. हे आत्याचं वाक्य आहे, पण बरोबर आहे.

लोखंडी नळकांड्यांकडंही पाइप म्हणून दुर्लक्ष करू नका. मराठी फौजा बाण वापरत. बाण म्हणजे धनुष्याचा नव्हे, दारूनं ठासलेली लोखंडी नळी, तिला बांबू बांधलेला. २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात, नगर या गावच्या एका विहिरीत असे हजारावर बाण निघाले, टिपूच्या काळातले. बघणाऱ्याला ती भंगार नळकांडीच वाटतील.

(दृश्य : पितळी पुंगळीचं बूड, भिंगातून.)

आता अलीकडचं. काडतुसाची पितळी पुंगळी सापडली की तिचं बूड वाचायचं, नाव-गाव तिथंच असतं. ३०३ रायफलची पुंगळी ५६ मिलिमीटर लांब, बुडाला बाहेर आलेली कड. बुडावर 'के' आणि 'एफ' ही इंग्रजी अक्षरं असतील तर ती पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली, शेजारचे दोन आकडे सालाचे. मधल्या टिकलीला खड्डा असेल तर उडालेली. पण ४३ साल दिसलं म्हणून लगेच महायुद्ध गाठू नका. हीच रायफल आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अगदी परवापरवापर्यंत होती, आणि संस्थानी कोल्हापुरात शिकारीही काही कमी झाल्या नाहीत. पुंगळीला पुढं गोळी अजून बसलेली असेल तर ती जिवंत काडतूस. शोकेसमध्ये ठेवायची नाही, पोलिसांत द्यायची. परवान्याशिवाय ते बाळगणं हा गुन्हा आहे.

बिल्ल्याची गोष्ट सांगताना मला अजून वाईट वाटतं. चुलत्यांच्या परसात एक पितळी बिल्ला निघाला. आम्ही पोचायच्या आत काकूनं तो चिंच-मिठानं घासून लखलखीत केला होता, देवातल्या समईसारखा. वरची अक्षरं निम्मी गेली. चिंचेतलं आम्ल गंजाबरोबर बारीक नक्षीही खातं. राहिलं होतं ते मुकुटाचं टोक आणि शिंगाचा, म्हणजे बिगुलाचा, वाक. बिगुल ही मराठा लाइट इन्फंट्रीची खूण. वर मुकुट असेल तर १९५० च्या आधीचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. पलटणीचा आकडा वाचता आला तर आणखी बारीक जाता येतं. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे मराठा पलटणींचे आकडे १९२२ पर्यंतच होते, मग फेरमांडणी होऊन नवे क्रमांक आले. आमचा आकडा चिंचेत गेला.

कोल्हापूरची स्वतःचीही पलटण होती, राजाराम रायफल्स. संस्थान विलीन झाल्यावर ती मराठा लाइट इन्फंट्रीची १९ वी पलटण झाली, आणि तिच्या नावापुढं कंसात अजून कोल्हापूर आहे. त्यामुळं इथल्या परड्यात फौजी बटण निघणं नवलाचं नाही. बटणाच्या पाठीमागं करणाऱ्याचं नाव असतं, पुष्कळदा लंडन नाहीतर बर्मिंगहॅम. मात्र प्रत्येक पितळी तबकडी फौजी नसते. दरबारी खात्यांच्या पट्टेवाल्यांची चपरास हुबेहूब तशीच दिसते. खात्याचं नाव वाचल्याशिवाय तिला रणांगणावर पाठवू नये.

आणि वळिवड्याकडं गरुड असलेलं बटण निघालं तर दचकू नका. १९४३ ते १९४८ तिथं पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांतल्या कित्येकांचे बाप-भाऊ पोलिश फौजेत लढत होते. मुकुटधारी गरुड ही पोलंडची खूण.

पदकाचं सगळं त्याच्या काठात असतं. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, ३६ मिलिमीटरचं; एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसरीकडं घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. रुपया समजून कितीतरी मोडीत गेली. पण काठ उजेडात तिरका धरला तर बारीक अक्षरं उमटतात : नंबर, हुद्दा, नाव, पलटण. बिनलढाऊ माणसांना, खेचरवाले, हमाल, भिश्ती यांना, तेच पदक काशाचं दिलं. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात, जो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनं संपला, तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या : १०३, ११० आणि ११७. काठावर यातला आकडा दिसला तर पुढचा शोध मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जातो, आणि तिथून बऱ्याचदा शेजारच्याच गल्लीत परत येतो. नातवंडं असतात. पदक त्यांचं.

(दृश्य : पुन्हा रान. संध्याकाळ. जमिनीत अर्धवट दिसणारा दुसरा गोळा, भोवती चुन्याची रेघ.)

हा दुसरा गोळा. पहिल्यापासून चाळीस पावलांवर, असं आतेभाऊ म्हणतो. पहिल्याची जागा त्याच्या आठवणीवर. याला आम्ही हलवलं नाही. वरची माती बोटांनी सारली, बूच-भोक नाही ना हे लांबून बघितलं आणि थांबलो.

स्वतःच्या रानात मशीन फिरवणं वेगळं आणि गडावर फिरवणं वेगळं. पन्हाळा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे, जुलै २०२५ पासून जागतिक वारसा यादीतल्या बारा किल्ल्यांपैकी एक. तिथं परवानगीशिवाय खुरपं लावणंही गुन्हा. आणि रान आपलं असलं तरी सापडलेलं सगळं आपलं होत नाही. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून चालू आहे : मातीतून निघालेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू असेल तर काय, कुठं, कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये! अर्ज लिहायच्या कागद-पाकिटाला तेवढे गेले. आम्ही दोन्ही तोफगोळ्यांचा आणि शिशाच्या तिन्ही गोळ्यांचा मिळून अर्ज केला.

पाहणीला माणसं येण्याआधी मिस्त्रींना रानात आणलं. खाली बसायला त्यांचे गुडघे तयार नव्हते, म्हणून बारदान अंथरलं. हात लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. त्यांनी टॉर्च तिरकी धरली आणि मान वाकडी करून बराच वेळ बघितलं. या गोळ्याला सांध नव्हती. उलट अंगभर बारीक सपाट चट्टे, सोललेल्या बटाट्यासारखे, आणि एका कडेला पापुद्रा सुटल्यासारखी चीर.

"ठोकलाय," मिस्त्री म्हणाले. "तापवला, फिरवला, ठोकला. परत तापवला. दोघं असणार. एक सांडशीत धरणारा, एक घण हाणणारा." मग चिरीकडं बोट केलं. "आणि हितं घाई केलीया. लोखंड गार झालं व्हतं."

"कुठल्या काळातला वाटतो?"

"ते तुमचं तुम्ही बघा." टॉर्च बंद करून ते उठले. चपलेची माती झटकता झटकता म्हणाले, "सरकारनं न्हेला की कुठं ठेवतील, टाउन हॉलच्या म्युझियमात?"

"माहीत नाही अजून."

"कळलं की सांगा. पोराला दावायचाय."